पर्सनल ट्रेनर व्हायचंय? सुरुवातीला एवढंच बघ

भावा, सर्टिफिकेट घेतलंस, झकास. आता क्लायंटला वजन उचलायला लावण्याआधी बीपी, शुगर, गुडघे-कंबर, जुनं ऑपरेशन, सगळं विचारून वहीत लिही. काही निघालं तर आधी डॉक्टर, मग व्यायाम.

नवीन पोरं हमखास इथं चुकतात:

- स्वतःचा व्यायाम क्लायंटवर लादणं. पन्नाशीच्या काकूंना तालमीतल्या पैलवानासारख्या बैठका कशाला? आधी खुर्चीवरून हात न टेकता उठू देत. टाचा उचलतात का, गुडघे आत वळतात का, ते बघ.
- तांबडा-पांढरा बंद करायला लावणं. कोल्हापुरात कोण ऐकणार! रस्सा राहू दे, वरचा तेलाचा कट आणि भात कमी कर.
- सेट चालू असताना मोबाईल बघणं.

फी कमी चालेल, फुकट नको. सप्लिमेंटचं नंतर बोलू.