लोटा घेऊन उभी असलेली पोरगी

प्रिय बाळा,

तुझं पत्र मिळालं. शिबिरात तू लाइव्ह रोल-प्लेचा, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र होऊन वागायचा-बोलायचा खेळ घेतलास, तोही सगळ्यांचे मोबाइल पेटीत ठेवून, हे वाचून मनापासून आनंद झाला. एक वाक्य मात्र बोचलं. ‘पोरं खेळतात, पोरी नुसत्या उभ्या राहतात. त्यांना यात रस नाही असं दिसतं.’ जवळजवळ हेच वाक्य बारा वर्षांपूर्वी मी माझ्या वहीत लिहिलं होतं. ते चूक होतं.

तेव्हा मी मामा तलावाचा खेळ बसवला होता. आपल्या भंडाऱ्यात मामा, म्हणजे माजी मालगुजारी तलाव (जुन्या मालगुजारांच्या काळातले) गावोगावी आहेत, त्यामुळे पोरांना काही समजावून सांगावं लागत नाही. पाऊस दगा देतो, धानाला पाणी हवं असतं, आणि पाणी सोडलं तर ढिवरांची मासळी जाते. आमसभा भरते आणि निकाल लावायचा असतो. सरपंच, पाटील, मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष, सावकार या भूमिका मी चिठ्ठ्यांवर लिहून पोरांना दिल्या. पोरींच्या वाट्याला पाटलीणबाई, सून आणि पाणी आणणारी मुलगी. पोरांनी सभेत असा काही कल्ला केला की मी खूश झाले. अर्ध्या तासाने एक पोरगी माझ्याजवळ आली. हातात स्टीलचा लोटा, तो तिने घरून आणला होता, घासून लख्ख केलेला. म्हणाली, ‘मॅडम, मी लोटा घेऊन उभी आहो. सगळ्यायले पाणी देऊन झालं. आता का करू?’

मी तिला सांगितलं, ‘थोडं थांब.’ खेळ संपेपर्यंत ती थांबली. त्या रात्री मी वहीत लिहिलं की मुलींचा सहभाग कमी पडला. ती पोरगी माझ्या चिठ्ठीत लिहिलेलं काम पुरतं करून मोकळी झाली होती, हे कळायला मला वर्ष लागलं.

तेव्हा पोरींकडे पाहण्याआधी तू तुझ्या चिठ्ठ्या काढून बघ. कोणाच्या हातात निर्णय आहे? कोणाकडे लपवायला काही आहे? कोणाचं काही बुडणार आहे? जे कागदावर असतं तेच मैदानात उतरतं. ज्या खेळातून हे सगळं वाढलं त्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सचंच बघ, टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन खेळायचा तो खेळ. तो १९७४ साली आला. पुढे १९७८ च्या नियमपुस्तकात स्त्री-पात्राला जास्तीत जास्त किती ताकद मिळू शकते याची मर्यादा पुरुष-पात्रापेक्षा खाली ठेवली होती. जादूच्या, राक्षसांच्या जगातही बाईने माणसाइतकं बलवान व्हायचं नाही, असं कोणीतरी बसून लिहिलं होतं. १९८९ च्या आवृत्तीत ती मर्यादा निघाली. लिहिलेलं होतं म्हणून काढता आलं.

पोरांना जिंकायचं असतं आणि पोरींना नाती जपायची असतात, असंही तू लिहिलं आहेस. काहीसं तसं दिसतं, ते मी नाकारत नाही. निक यी या अभ्यासकाने ऑनलाइन भूमिकाखेळ खेळणाऱ्या सुमारे ३००० जणांना विचारून २००६ साली निष्कर्ष मांडले. पुढे जाण्याची, वरचढ ठरण्याची ओढ पुरुषांत जास्त आढळली आणि नाती जोडण्याची बायकांत. पण त्याच अभ्यासात दिसलं की जिंकण्याच्या ओढीतला फरक बाई-पुरुष असण्यापेक्षा वयाने जास्त उलगडतो. ते खेळ पडद्यावरचे, आपला मैदानातला, हे खरं. तरी तुझ्या शिबिरातला सोळा वर्षांचा पोरगा सावकाराची पेटी पळवायला धावतो तेव्हा ‘पोरगा आहे’ म्हणण्याआधी ‘सोळाचा आहे’ असं म्हणून बघ. चाळिशीच्या शेतकऱ्यांना हाच खेळ दिला, तेव्हा ते पोरींसारखेच पाळीवर बसून हळूहळू एकेकाला आपल्याकडे वळवत होते.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. बघणारे कोण आहेत, ते बघ.

माझं माहेर मूर्तिजापूरकडचं. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसली की महिनाभर, कोजागरीपर्यंत, रोज संध्याकाळी आम्ही पोरी घरोघरी जायचो. टिपऱ्या, गाणी, आणि डबा हलवून खिरापत ओळखायची. त्या गाण्यांत सासू असते, माहेराला निघालेली सून असते, रुसलेला नवरा असतो. मी बाबांचा दुपट्टा डोक्याला गुंडाळून भुलाबाईचा नवरा भुलोजी व्हायचे आणि असा दरारा दाखवायचे की आजी तोंडाला पदर लावून हसायची. कोणी मला शिकवलं नव्हतं. अंगणात सगळ्या बायकाच असायच्या, एवढंच. मामा दारात आला की दुपट्टा खाली यायचा.

नंतर नोकरीसाठी इकडे भंडाऱ्याला आले आणि मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, दंडार हे लोकनाट्य पाहिलं. लुगडं नेसून पुरुष नाचतात, आणि सकाळी त्याच माणसाला गाव मानाने चहा पाजतं. आता गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक कंपन्यांत बायकांच्या भूमिका बायकाच करतात, हे चांगलं झालं. पण धोतर नेसून चारचौघांत उभ्या राहिलेल्या पोरीला तसा चहा पाजणारं गाव मी अजून पाहिलेलं नाही. लाइव्ह रोल-प्लेमध्ये प्रेक्षक नसतो, खेळणारेच बघणारे, असं म्हणतात. आपल्या गावात भिंतीवर चढून बसलेली पोट्टी असतात, पानठेल्यावरचे काका असतात, आणि पोरीने सभेत आवाज चढवला तर ते संध्याकाळी तिच्या घरी पोचतं. तुझ्या पोरी खेळत नव्हत्या की सांभाळून खेळत होत्या?

म्हणून खेळ शाळेच्या मागच्या आवारात घे, आणि ज्याला बघायचं आहे त्याच्या हातात चिठ्ठी दे. वेळ दहा ते तीन ठेव. पाचनंतर पोरींचं अर्धं लक्ष नळाच्या पाण्याकडे आणि शेवटच्या एसटीकडे असतं. धान चुरून झाल्यावर, जानेवारीत घेतलास तर उत्तम.

चिठ्ठ्या परातीत टाक, ज्याला जी येईल ती त्याची. पुढच्या वर्षी मी तेच केलं. सोसायटीचं अध्यक्षपद एका नववीतल्या पोरीला आलं. पहिली दहा मिनिटं ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मग उठून सरपंचाला म्हणाली, ‘दार उघडलं त पाणी किती दिवसात सरते, ते आधी सांगा.’ सरपंचाला ते माहीत नव्हतं. तिथून सभा तिच्या हातात गेली.

मासे विकणाऱ्या विधवेची चिठ्ठी एका उंच पोराला आली. त्याने कंबर हलवत, मान वेळावत चालायला सुरुवात केली आणि सगळे हसले. तो तरी काय करणार, बाई व्हायचं म्हणजे हेच त्याने दंडारीत पाहिलं होतं. मी गप्प राहिले. मग गिऱ्हाईक झालेली पोरगी त्याच्या टोपलीपाशी बसली, पळसाची पानं उलटून बघितली आणि म्हणाली, ‘कालची मासोळी आहे हे. अर्ध्या पैशात देतेस त दे.’ तो एकदम उकिडवा बसला. कंबर विसरला, मान विसरला. टोपलीवर हात ठेवून म्हणाला, ‘नाही जमत बाई. घरी दोन लेकरं आहेत.’ कोणी हसलं नाही. तेव्हापासून मी चिठ्ठीवर स्त्री-पुरुष लिहीत नाही. काम लिहिते, कर्ज लिहिते, कोणाची भीती आहे ते लिहिते.

काठ्या मुळीच देऊ नकोस. अंगाला हात लावायचा नाही, हा नियम आधीच सांग. युरोपात खेळ थांबवायला ‘कट’ म्हणतात. आपल्याकडे समोर चुलत भाऊ असला तर पोरगी तोंडाने ‘थांब’ म्हणणार नाही. तिला नुसतं खाली बसू दे. कोणीही बसलं की सगळ्यांनी थांबायचं, कारण विचारायचं नाही. पोरांनाही हे लागतं. सावकार झालेल्या एका पोराने समोरच्याला कर्जाचा आकडा सांगितला आणि तो स्वतःच खाली बसला. तोच आकडा त्याच्या घरात रोज बोलला जात होता.

म्हणून खेळानंतरचा अर्धा तास कधीच कापू नकोस. पात्राचं दुखणं खेळणाऱ्याच्या अंगात उतरतं, त्याला हे खेळ खेळणारे ‘ब्लीड’ म्हणतात. गोल करून बसव, मुरमुऱ्याचा चिवडा दे, आणि सगळ्यांना एकमेकांना खऱ्या नावाने हाक मारायला लाव.

तुझ्या चिठ्ठ्या मला पोस्टाने पाठव, मी पेन्सिलीने खुणा करून परत पाठवते. आणि त्या उभ्या राहिलेल्या पोरींपैकी एकीला तरी पुढचा खेळ लिहायला बसव. जानेवारीची तारीख ठरली की कळव. परात मी घेऊन येते.

तुझी,
मॅडम