पानांआडचे पक्षी : वाचकांचे प्रश्न

हिवाळा तोंडावर आला की सदाहरित जंगलातल्या पक्षी-सहलींविषयी पत्रं यायला लागतात. या वेळची बहुतेक पत्रं केरळातल्या थट्टेकाडविषयी आहेत. एर्नाकुलम जिल्ह्यात पेरियारच्या काठावरचं हे अभयारण्य जेमतेम 25 चौरस किलोमीटरचं. डॉ. सालिम अलींनी 1933 साली त्रावणकोर-कोचीनच्या पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा हे रान त्यांच्या नजरेत भरलं. 1983 मध्ये ते अभयारण्य झालं आणि त्याला त्यांचंच नाव मिळालं.

भिगवणला उजनीच्या काठी मी एका सकाळी साठ-सत्तर जाती सहज मोजते. गेल्या वर्षी सदाहरित जंगलात गाईडबरोबर तीन तास फिरले, तर धड दिसले फक्त सात पक्षी. बाकी सगळ्या काळ्या आकृत्या. मान दुखली ती वेगळीच. माझं काय चुकलं?
— एक वाचक, बारामती

पाणथळीवर पक्षी समोर असतो, उजेड भरपूर असतो आणि तो उडाला तरी नजरेआड होत नाही. सदाहरित रानात झाडांचे शेंडे तीस-पस्तीस मीटरवर, आणि बहुतेक हालचाल तिथे. खालून पाहिलं की पक्ष्यामागे कोरं आभाळ येतं, म्हणून रंग मरतात आणि आकृती काळी दिसते. दुर्बीण बदलून हे सुटत नाही. उभं राहायची जागा बदलावी लागते. डोंगरउतारावरून जाणारा रस्ता शोधा. दरीच्या बाजूला उभं राहिलं की खालच्या झाडांचे शेंडे डोळ्यांच्या पातळीवर येतात. ऊन पाठीशी असलं तर कर्णा (मलबार ट्रोगन) या पक्ष्याची लाल छातीही दिसते आणि मानही वाचते. चांगला गाईड सकाळचा पहिला तास अशाच जागी काढतो.

दुसरं म्हणजे चालणं. तीन तासांत किती किलोमीटर चाललात ते आठवून पाहा. दोनापेक्षा जास्त भरले तर तेच चुकलं. या रानात पक्षी विखुरलेले नसतात, मिश्र थव्याने फिरतात. पल्लवपुच्छ कोतवाल, निखार, मखमली शिलींध्री, सुतार, बुलबुल, माशीमार असे आठ-दहा जातींचे पक्षी एकत्र किडे टिपत पुढे सरकतात. त्यामुळे अर्धा तास रान मुकं वाटतं आणि मग पाच-सात मिनिटांत सगळं अंगावर येतं. अशा वेळी थव्यामागे धावू नका. तो कुठल्या दिशेने सरकतोय ते पाहा, शक्य असेल तर वाटेवरूनच थोडं पुढे जा आणि थांबा. पाहताना आधी झुडपं, मग खोडं, मग मधल्या फांद्या, शेवटी शेंडा असा क्रम ठेवा. सगळे वर बघत असतात तेव्हा खोडावरची शिलींध्री हमखास निसटते.

गाईड जागा सांगतो तीही समजून घ्यायला हवी. झाडाचा घेर म्हणजे घड्याळाची तबकडी, बारा वर. ‘दोन वाजता, आतल्या बाजूला’ म्हणजे उजवीकडे वरच्या अंगाला, खोडाच्या जवळ. मात्र कुठलं झाड, हे आधी पक्कं करा. निम्मे लोक शेजारच्या झाडावर दोन वाजता शोधत बसतात. पक्षी उघड्या डोळ्यांनी दिसला की नजर तिथेच खिळवून दुर्बीण डोळ्यांवर आणायची. दुर्बीण लावण्यासाठी मान खाली घातली की पक्षी हरवलाच.

आणि कर्णा शोधताना हालचाल शोधू नका. तो ताठ, निश्चल बसतो आणि माणसाची चाहूल लागली की आपली तपकिरी पाठ आपल्याकडे करतो. त्याची ‘क्यू-क्यू’ अशी मऊ हाक आधी कानावर येते. मलयाळममध्ये त्याला ‘तीक्काक्का’, म्हणजे आगकावळा म्हणतात. स्थानिक गाईडच्या तोंडून हेच नाव येईल.

माझ्याकडे 10×50 दुर्बीण आहे. चष्मा लागतो. नवी घ्यावी का?
— एक वाचक, कोल्हापूर

10×50 म्हणजे दहापट वर्धन आणि पुढच्या भिंगाचा व्यास 50 मिलिमीटर. उजेडाच्या बाबतीत तुमची दुर्बीण कमी नाही. भिंगाचा व्यास भागिले वर्धन म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी. तुमच्या दुर्बिणीत ती 5 मिलिमीटर येते, 8×42 मध्ये सव्वापाच. अडचण वेगळी आहे. दहापट दुर्बिणीत हाताचा कंपही दहापट वाढतो आणि दिसणारं वर्तुळ लहान होतं. वीस मीटरवर 8×42 साधारण अडीच मीटर रुंदीचा पट्टा दाखवते, दहापट दुर्बीण दोनच्या आसपास. पानांच्या गर्दीत पक्षी पकडताना तो अर्धा मीटर फार मोलाचा ठरतो. शिवाय 10×50 जड असते आणि बऱ्याच जुन्या नमुन्यांत पाच-सहा मीटरच्या आतलं स्पष्ट दिसत नाही. रानात तीन मीटरवर झुडपात बसलेला नवरंग पाहायचा असतो. म्हणून नवी घेणार असाल तर 8×42, जवळचं अंतर दोन मीटरपर्यंत, आणि आतून बाष्प धरू नये म्हणून नायट्रोजन भरलेली.

चष्मेवाल्यांनी ‘आय रिलीफ’, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगापासून डोळा जितका लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, 16 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त आहे ना, ते पाहावं आणि डोळ्यांकडच्या रबरी कडा पूर्ण आत दाबाव्यात. त्या बाहेर राहिल्या की कडेने काळी वर्तुळं दिसतात आणि लोक दुर्बिणीला दोष देतात. उजव्या डोळ्याचा फरकही एकदाच जुळवून घ्या. उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करा. मग डावा झाकून, मधलं चाक न हलवता, उजव्या नळीवरची कडी फिरवा. त्या कडीवर खूण करून ठेवा.

थट्टेकाडसारख्या दमट हवेत एसी खोलीतून दुर्बीण थेट बाहेर काढली की काचांवर बाष्प धरतं आणि पहाटेची पहिली वीस मिनिटं जातात. ती रात्री एसीत ठेवूच नका. परतल्यावर सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर भिंगांवर बुरशीची जाळी धरेल.

थट्टेकाडला किती दिवस काढावेत? गाईड ठरवताना काय विचारावं?
— एक वाचक, ठाणे

तीन मुक्काम. दोन मुक्कामांत एक सकाळ पावसाने किंवा उशिरा आलेल्या गाडीने गेली की काही उरत नाही. नोव्हेंबर ते मार्च हा चांगला काळ, कारण तेव्हा स्थलांतरित पाहुणेही असतात. पावसाच्या तोंडावर आपल्याकडच्या रानात वीण करायला येणारा नवरंग हिवाळ्यात याच बाजूला उतरलेला असतो. तो पहाटे आणि तिन्हीसांजेला ठरल्या वेळी शीळ घालतो. तमिळमध्ये त्याला ‘सहा वाजताचा पक्षी’ अशा अर्थाचं नावच आहे. कोकण रेल्वेने जाणाऱ्या नेत्रावती एक्स्प्रेसने आलुव्याला उतरा, तिथून कोथमंगलममार्गे मोटारीने पुढे जा.

दिवसाची आखणी उजेडावर ठरते. डिसेंबर-जानेवारीत तिथे साडेसहाच्या पुढे उजाडतं. त्याआधी जागेवर पोचायचं, साडेनऊ-दहापर्यंत फिरायचं. अकरा ते दोन रान झोपलेलं असतं, तुम्हीही झोपा. दुपारी पाण्याच्या कुंडासमोरच्या लपणात, म्हणजे पक्षी पाहण्यासाठी केलेल्या आडोशात, बसायचं आणि संध्याकाळी घुबडं, रातवे. एक सकाळ अभयारण्यात आणि एक उरुळन्तण्णीच्या बाजूच्या रानात ठेवली तर जाती बऱ्याच वेगळ्या मिळतात.

गाईडला विचारायचे प्रश्न मोजके. एका गाईडमागे किती माणसं? चारपर्यंत उत्तम, सहाच्या वर नाही. अरुंद पायवाटेवर सातव्या माणसापर्यंत पक्षी थांबतच नाही. पक्षी बोलावायला त्याचा ध्वनिमुद्रित आवाज, म्हणजे कॉल, वाजवता का? घरटी दाखवता का? या दोन्हींना ‘हो, सगळं दाखवतो’ असं उत्तर आलं तर दुसरा गाईड पाहा. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिवईवरची एकनळी दुर्बीण, आहे का, हेही विचारा. त्यातून झाडावर निवांत बसलेला धनेश किंवा घुबड सगळ्यांना पाहता येतं. तुमच्याकडून चाळीस नावांची यादी पाठवू नका, पाच नावं द्या. यादी लांब असली की गाईड ती पुरी करायला पळवत नेतो.

एक गोष्ट मात्र विनाअट पाळायची. या रानात हत्ती आहेत. गाईडने हात वर केला की बोलणं बंद, पावलं बंद, कॅमेरा खाली. ज्या वाटेने आलात त्याच वाटेने, न धावता मागे फिरायचं. ताजी लीद किंवा मोडलेला बांबू पाहून त्याने वाट बदलली तर वाद घालू नका.

जळवांसाठी मीठ, तंबाखू, डिझेल असं प्रत्येक जण वेगळं सांगतो. खरं काय?
— एक वाचक, सावंतवाडी

खरं काम करतात ते जळूमोजे. दाट विणीच्या सुती कापडाचे, गुडघ्यापर्यंत येणारे, वर नाडी असलेले. साधे मोजे, त्यावर पँट, पँटीवर जळूमोजा आणि मग बूट, हा क्रम. साध्या मोज्यांच्या विणीतून जळू आत शिरते. मीठ-तंबाखू पहिल्या ओढ्यात धुऊन जाते आणि डिझेल रानात सांडू नये.

जळू चिकटलीच तर ओढू नका, जाळू नका, मीठ टाकू नका. तसं केल्याने ती पोटातलं जखमेत ओकू शकते. बारीक टोक म्हणजे तोंड. तिथे कातडीलगत नख घालून बाजूला सरकवा, मग जाड टोक सोडवा. तिच्या लाळेतल्या हिरुडिनमुळे रक्त गोठत नाही, म्हणून जखम बराच वेळ वाहते. घाबरू नका. साबणाने धुवा, दहा-पंधरा मिनिटं घट्ट दाबून धरा.

तुमच्या भागात जळूपेक्षा गोचिडीची काळजी जास्त करायला हवी. 1957 मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर रानात प्रथम ओळखला गेलेला माकडताप पुढे दोडामार्ग, गोव्याचं सत्तरी, वायनाड इथेही आढळला. हा विषाणू गोचिडीच्या चाव्यातून येतो, आणि धोका डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत, म्हणजे नेमका पक्षी पाहण्याच्या हंगामात. रोग पसरवणाऱ्या गोचिडीची पिल्लं तिळापेक्षा लहान असतात. पाचोळ्यावर बसू नका, पिशवी त्यावर टाकू नका. फिकट कपडे घाला, म्हणजे गोचीड दिसते. गोचीड दूर ठेवणारं, आरोग्य केंद्रातून मिळणारं डेपा तेल किंवा डीट हे कीटकरोधक रसायन असलेलं मलम लावा. डीटने प्लास्टिक आणि रबर खराब होतं, म्हणून तळवे धुऊनच दुर्बिणीला हात लावा. परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ, आणि काखा, जांघा, गुडघ्यामागची बाजू, कानामागची बाजू तपासा. गोचीड काढण्याची रीत जळूच्या उलट आहे. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश वर ओढा. पिळू नका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा. रानातून आल्यावर आठवड्याभरात अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर लगेच दवाखान्यात जा आणि ‘मी जंगलात जाऊन आलो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

आमच्या गटाच्या गाईडने मोबाईलवर कॉल वाजवून पक्षी बोलावला. सगळे खूश होते, मला बरं वाटलं नाही. माझं चुकतंय का? बेडूकतोंड्याचे फोटो तरी घ्यावेत की नाही?
— एक वाचक, पुणे

तुमचं चुकत नाही. कॉल ऐकून येणारा पक्षी तुम्हाला भेटायला येत नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो भांडायला येतो. त्यासाठी तो चरणं सोडतो, पिल्लांना भरवणं सोडतो. गर्दीच्या जागी हाच प्रकार दिवसातून दहा गट करतात. काही दिवसांनी तो पक्षी उत्तर देणं थांबवतो, किंवा जागाच सोडतो. त्यानंतर तो ना तुम्हाला दिसतो ना पुढच्याला. विणीच्या काळात आणि दुर्मिळ जातींसाठी कॉल अजिबात नको, हे सहल सुरू होण्याआधी गटात ठरवून गाईडला सांगा. गिऱ्हाईक मागतं म्हणून तो वाजवतो. गिऱ्हाइकाने नको म्हटलं तर त्याचंही काम हलकं होतं.

बेडूकतोंड्या, म्हणजे श्रीलंकन फ्रॉगमाउथ, याला कॉल लागतही नाही. जोडी दिवसभर एकाच फांदीवर खेटून बसते, बरेच दिवस तीच जागा धरते, आणि गाईडला ती ठाऊक असते. नर राखाडी, मादी तांबूस. दोन वाळकी पानं लटकल्यासारखी दिसतात. तिघातिघांनी पुढे जायचं, दोन मिनिटं पाहायचं, फ्लॅश बंद. पक्ष्याने चोच आभाळाकडे ताणली, डोळ्यांच्या फटी केल्या आणि मोडक्या फांदीसारखा ताठ झाला, तर तो ‘झोपलेला’ नाही, घाबरलेला आहे. दोन पावलं मागे या. जानेवारी ते एप्रिल हा त्यांचा विणीचा काळ. दगडफुलाने मढवलेल्या तळहाताएवढ्या घरट्यात एकच अंडं असतं आणि दिवसा नर ते उबवतो. तो उडाला की अंडं उघडं पडतं. म्हणून एकटा बसलेला नर आणि त्याच्याखाली छोटी गादी दिसली तर फोटो न काढता वळा. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणं येतं.

मर्लिन ॲपवर आवाज ओळखला तर चालेल का?
— एक वाचक, नाशिक

इशारा म्हणून चालेल, नोंद म्हणून नाही. पल्लवपुच्छ कोतवाल इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो आणि ॲप नकलेलाच मूळ पक्षी समजू शकतं. पक्षी दिसल्यावर किंवा गाईडने दुजोरा दिल्यावरच वहीत लिहा.

आईचं वय 71, गुडघे दुखतात. तिला नेता येईल का?
— एक वाचक, सांगली

नक्की न्या. लपणात पाठ टेकून बसायला प्लास्टिकची खुर्ची आहे का, तिथपर्यंत गाडी जाते का आणि स्वच्छतागृह किती लांब आहे, हे आधी फोनवर विचारा. नुसतं पाणी ठेवलेलं लपण निवडा, अळ्या टाकून पक्षी सवयीचे केलेलं नको. दुपारी अडीचला बसलात तर पाचपर्यंत पक्षी अंघोळीला येत राहतात, तेही चार-पाच मीटरवर. सोबत पातळ उशी, पाणी आणि डासांचं मलम ठेवा, आणि मलम लपणात शिरण्याआधीच लावा. फोन बंद ठेवा, स्क्रीनचा उजेड आतून बाहेर दिसतो.