एडी८४४ चा नॉईज: दोष फीडबॅक रेझिस्टरचा नाही

एडी८४४ (करंट फीडबॅक प्रकारचा ऑपअँप, म्हणजे सिग्नल वाढवणारी चिप) लावलेल्या तुमच्या सर्किटमध्ये व्हॉल्यूम मध्यावर आणला की सू-सू वाढते, असं तुम्ही लिहिलंत. आधी फीडबॅक रेझिस्टरवर (आउटपुटवरून इन्व्हर्टिंग पिनकडे येणारा) लावलेला तो २२ पिकोफॅरडचा कपॅसिटर काढा. साध्या ऑपअँपला फीडबॅक रेझिस्टरवर लावलेला कपॅसिटर शांत करतो, करंट फीडबॅकमध्ये तोच ऑसिलेशन सुरू करतो. इथे स्थिरता त्या रेझिस्टरवरच टिकलेली असते आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला कपॅसिटर त्याला जवळजवळ शॉर्ट करतो. एडी८४४ च्या आत ४.५ पिकोफॅरडचा कपॅसिटर आहे, इन्व्हर्टिंग पिनचा स्वतःचा रोध साधारण ५० ओहम. तुमच्या १ किलोओहमच्या दोन रेझिस्टरांनी गेन २ धरला, तर १००० + २ × ५० = ११०० ओहम, आणि त्या ४.५ पिकोफॅरडबरोबर बँडविड्थ ३२ मेगाहर्ट्झच्या आसपास. ती कमी हवी असेल तर ५ नंबरच्या पिनवरून ग्राउंडला ४.७ पिकोफॅरड लावा. बँडविड्थ निम्म्यावर येईल, पण स्ल्यू रेटही (आउटपुट बदलण्याचा कमाल वेग) तेवढाच उतरेल.

आता व्हॉल्यूम मध्यावर आणला की वाढणारी सू-सू. ‘इन्व्हर्टिंग पिनचा करंट नॉईज’ असा संशय तुम्ही घेतलात. पण हिशोब बघा: १० पिकोअँपिअर गुणिले १ किलोओहम म्हणजे आउटपुटवर फक्त १० नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ (नॉईज मोजायचं एकक). व्होल्टेज नॉईज आणि दोन्ही रेझिस्टर धरूनही एकूण नॉईज साधारण १२ च होतो.

खरा चोर उरलेल्या इनपुट पिनवर आहे. नॉन-इन्व्हर्टिंग पिनचा करंट नॉईज १२ पिकोअँपिअर आहे आणि तो तुमच्या १० किलोओहमच्या व्हॉल्यूम पॉटमधून वाहतो. वायपर (पॉटचा सरकता संपर्क) रोधाच्या मध्यावर असताना पिनला २.५ किलोओहम दिसतात. १२ × २.५ = ३०, आणि गेन २ मुळे आउटपुटवर ६० नॅनोव्होल्ट! म्हणून आवाज पूर्ण कमी किंवा पूर्ण वर केला की सू-सू जाते. तुमचं हे निरीक्षण अगदी अचूक होतं.

मी असं करीन: पॉटनंतर ओपीए१६४१ सारखा जेफेट इनपुटचा (ज्याचा करंट नॉईज नगण्य असतो असा) बफर, आणि एडी८४४ इन्व्हर्टिंग जोडणीत, ५०० ओहम आणि १ किलोओहम, नॉन-इन्व्हर्टिंग पिन थेट ग्राउंडला. एकूण नॉईज ६३ वरून २१ नॅनोव्होल्टवर येतो. फेज उलटेल, स्पीकरच्या तारा बदलून ती सरळ होते.

या जोडणीचा मला जास्त मोलाचा वाटणारा फायदा डिस्टॉर्शनचा आहे. नॉन-इन्व्हर्टिंगमध्ये आतला इनपुट बफर पूर्ण सिग्नलबरोबर वरखाली होतो आणि त्याची वक्रता फीडबॅकला दुरुस्त करता येत नाही, कारण तो आउटपुटची तुलना याच बफरच्या आउटपुटशी करतो. इन्व्हर्टिंगमध्ये तो बफर जवळपास शून्य व्होल्टवरच थांबतो.

स्थिरतेसाठी २ नंबरच्या (इन्व्हर्टिंग) पिनखालचं ग्राउंड कॉपरही खरवडून काढा. फीडबॅक रेझिस्टर त्या पिनला अगदी चिकटून हवा. एवढं झालं की स्क्वेअर वेव्ह देऊन ओव्हरशूट बघा आणि स्कोपचा फोटो टाका.