गिटार, बिदागी आणि आईचा फोन

ताई, मी 28 वर्षांची, कुडाळजवळच्या गावातली. पुण्यातली नोकरी सोडून गिटार घेऊन फिरते. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत होमस्टे आणि रिसॉर्टांत स्वतःची मराठी-मालवणी गाणी गाते. मालक म्हणतात, 'राहणं-जेवण आमच्याकडे, आणखी काय हवं?' पर्यटक सिनेमातली गाणी मागतात. पावसाळ्यात सगळंच बंद. तेव्हा रत्नागिरीत भाड्याच्या खोलीत बसून राहते, पण घरी जात नाही. गेलं की आई म्हणते, 'गो, ह्या काय जिणा?' आणि स्थळं काढते. गाणं सोडू का?
— वाटेवरची

वाटेवरचे,

सोडायचं असतं तर खाऱ्या हवेत तारा कशा गंजतात यावर तू दीड पान लिहिलं नसतंस. (ते छापलेलं नाही. पण वाजवून झालं की तारा कोरड्या सुती कापडाने पुसत जा, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि गिटार उन्हातल्या गाडीत कधीही सोडू नकोस, गोंद सुटतो.) गाण्याचं ठीक चाललंय. घोळ आहे तो पैशांचा आणि पावसाळ्याचा.

तुझ्याच जिल्ह्यातली दशावतारी मंडळं बघ. कार्तिकात जत्रा लागल्या की आज हे गाव, उद्या ते. रात्रभर देवळापुढे नाटक, पहाटे दहीकाला, की पेटी-मृदंग गाडीत टाकून पुढे. पाऊस लागला की बरेचजण आपापल्या घरी, भातशेतीत. त्यांना कुणी 'हे काय जिणं' म्हणत नाही, कारण ते कधी जाणार आणि कधी परतणार हे घरच्यांना ठाऊक असतं. तुझ्या आईला यातलं काय ठाऊक आहे? तू जूनमध्येही फिरतीवरच आहेस, असंच तिला वाटत असणार.

आणि तिला जुनाट ठरवून मोकळी होऊ नकोस. दशावतारात बायकांची सोंगंसुद्धा परंपरेने पुरुषच घेत आले. फिरतीवरचा कलावंत तिने जन्मभर पाहिला, पण तो पुरुष. आपली मुलगी रात्री अकराला परक्या गावात मालकाकडे पैसे मागत उभी आहे, हे तिच्या डोळ्यांपुढे येतं तेव्हा ती स्थळ शोधायला लागते. खरं सांगू? हे चित्र मलाही आवडत नाही. ते बदलणं बऱ्यापैकी तुझ्या हातात आहे.

बिदागी फोनवरच ठरव, आकडा तू सांग. निम्मे पैसे आधी खात्यात, उरलेले कार्यक्रम सुरू होण्याआधी. तारीख, वेळ, माइक कुणाचा, खोली कुठली आणि तिला आतून कडी आहे का, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घे. प्रवासखर्च वेगळा. कुडाळहून अलिबाग म्हणजे रोहा किंवा पेणपर्यंत रेल्वे, पुढे एसटी, पाठीवर गिटार. तो अख्खा दिवस जातो, त्याचे पैसे सोलकढीत फिटत नाहीत. राहणं-जेवण चालेलही, पण फेब्रुवारीतल्या मंगळवारी, जेव्हा खोली नाहीतरी रिकामीच असते. डिसेंबरातल्या शनिवारी नाही. 'तू ये तर खरी, मग बघू' म्हणणाऱ्याकडे जाऊच नकोस.

रात्री 10 नंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, हा 2000 सालचा नियम तुझ्या पथ्यावरच आहे. साडेसातला सुरू कर, साडेनऊला आटप. 'अजून एक' म्हणणाऱ्यांना नियमाकडे बोट दाखव आणि खोलीत जा.

गाणी तुझीच असतील तर गीतकार आणि संगीतकार म्हणून इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीची सभासद हो. गाणी जाहीरपणे वाजली की गीतकार-संगीतकारांना त्याची रॉयल्टी मिळवून देणारी ही संस्था 1969 पासून आहे. लगेच घबाड मिळणार नाही, पण गाणी तुझ्या नावावर नोंदलेली तरी राहतील.

आता पावसाळा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, किनाऱ्यावरचे वॉटरस्पोर्ट्‌सही बंद, म्हणजे पर्यटक नाही आणि तुला सुपारी नाही. त्या महिन्यांत रत्नागिरीतल्या खोलीचं भाडं भरण्यात काय शहाणपण आहे ते मला कळलं नाही. घरी जा. नवी गाणी तिथे बसव. आणि गणपतीपर्यंत थांबच. तेव्हा मुंबईचे चाकरमानी वाडीवाडीत आलेले असतात, आरती-भजनानंतर माणसं उठायला तयार नसतात. तुझ्या मालवणी गाण्यातली खोच कळणारा श्रोता हा आहे. बीचवरच्या पर्यटकाला ती कळत नाही म्हणून तो सिनेमातलं गाणं मागतो, त्याच्यावर रुसून काय उपयोग? यातल्याच कुणीतरी परळ-गिरगावातल्या आपल्या मंडळात तुला बोलावलं, तर ती बिदागी रिसॉर्टच्या जेवणापेक्षा नक्की बरी असेल.

सीझन सुरू झाला की आईला एकदा मालवणच्या कार्यक्रमाला घेऊन जा, तुमच्याकडून तासाभराचा तर रस्ता. तुझं गाणं तिला आवडेलच असं नाही. तू कुठे झोपतेस, पैसे कोण देतं आणि किती वाजता देतं, हे तिला दिसू दे.

स्थळांचं म्हणशील तर त्यातलं एखादं बघायला हरकत नाही. फक्त पोह्यांची बशी पुढे यायच्या आत मुलाला सांग, की नोव्हेंबर ते मे तू घरी सापडणार नाहीस.

— ताई