पाण्याकाठचे चार दिवस

प्रश्न : ताई, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्हाला पानशेतच्या रस्त्यावर, खडकवासल्याच्या फुगवट्याला लागून असलेलं नात्यातल्या एकांचं दोन खोल्यांचं घर चार दिवसांसाठी मिळतंय. आम्ही दोघं, अकरा आणि आठ वर्षांची मुलं, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. तिथे टीव्ही नाही, रेंजही अधूनमधूनच येते. मुलं पहिल्याच दुपारी कंटाळतील, सासूबाईंना गुडघ्यांमुळे काठापर्यंत उतरता येणार नाही, आणि मी मात्र इथल्या ओट्यापुढून उठून तिथल्या ओट्यापुढे उभी राहणार, अशी धास्ती वाटते. जावं का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : जरूर जा. पण निघायच्या आधी सगळ्यांना एकत्र बसवून स्वयंपाकाचं ठरवून टाका. माझं माहेर खानापूरचं. मे महिन्यात आमच्याकडे पुण्याहून पाहुण्यांची रीघ लागायची. सगळे काठावर जायचे, आणि आई चुलीपुढे. समोर एवढं पाणी पसरलेलं, पण संध्याकाळी त्याच्याकडे बघत निवांत बसलेली आई मला आठवत नाही. म्हणून तुमच्या पत्रातली ती धास्ती मला सगळ्यात मोठी वाटली.

चुलीवरचं जेवण दिवसातून एकदाच, तेही सकाळी ऊन चढायच्या आत. संध्याकाळी दडपे पोहे. ते मुलांवर सोपवा, त्यात गॅसचं काम जवळजवळ नसतंच. पातळ पोह्यांत ओलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा आणि काकडी, मीठ, साखर, लिंबू, नारळाचं पाणी घालून हाताने कालवायचं आणि वर ताटली ठेवून दडपायचं. फोडणी तेवढी मोठ्या माणसाने द्यावी. एक संध्याकाळ तुमच्या यजमानांच्या हातच्या पिठल्याची. भाकऱ्या गावातून सांगून मिळतात, शेजारी विचारा. पन्ह्याच्या कैऱ्या उकडून दिल्या की गर काढायचं काम सासूबाई बसल्या बसल्या करतील, आणि गूळ किती घालायचा हेही त्यांनाच ठरवू द्या.

आता मुलांचं. त्यांना सहाच्या आत उठवा आणि काठाने चालायला न्या. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की खडे-गोटे उघडे पडतात, आणि तिथे टिटवीची घरटी असतात. घरटं म्हणजे काय, तर जमिनीवर खड्यांची एक उथळ रिंगण आणि त्यात बहुतेक वेळा चार अंडी, टोकं आत वळवलेली. मातकट रंगावर काळे ठिपके, त्यामुळे पायाशी असली तरी दिसत नाहीत. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली की थांबायचं आणि हळूच मागे फिरायचं. मग लांब एखाद्या झाडाखाली बसून बघत राहा. उन्हात अंडी तापू नयेत म्हणून ती पाण्यात पोटाची पिसं भिजवून येते आणि तशी ओली अंड्यांवर बसते. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वडील शेजारी होते. घरी यायला उशीर झाला, तरी त्यांनी मला उठवलं नाही. तुम्हीही घाई करू नका.

परतताना टेकडीच्या बाजूला करवंदाच्या जाळ्या लागतील. मेच्या मध्यावर काळी करवंदं मिळायला लागतात. करवंद फोडून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा खेळ मुलांना माहीत नसेल तर तुम्ही शिकवा. हाताला आणि ओठांना चीक लागतो, काटे लागतात, त्याची काळजी नको.

दहा ते पाच घरातच. दुपार रिकामी राहू द्या. कंटाळा आला तर येऊ दे, तासाभराने पोरं आपणच काहीतरी शोधून काढतात. त्या वेळात सासूबाईंना बोलतं करा. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, ते तेव्हा पुरतं बांधूनही झालं नव्हतं. त्या पाण्याने खाली खडकवासल्याचं इंग्रजांच्या काळातलं दगडी धरण फोडलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. सासूबाई तेव्हा दहा-अकराच्या असणार, म्हणजे तुमच्या मोठ्याएवढ्या. त्या पुण्यातल्या असतील तर तो दिवस त्यांना नक्की आठवत असेल. त्यांनी ओसरीवर बसून सांगावं आणि मुलांनी ते पाणी समोर बघत ऐकावं. त्यासाठी त्यांना काठापर्यंत उतरायची गरजच नाही.

रात्री जेवणं झाली की अंगणात सतरंजी टाका आणि दिवे बंद करा. सप्तर्षी उत्तरेकडे उंचावर असतील. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की नारिंगी स्वाती सापडते, आणखी पुढे चित्रा. वसिष्ठाशेजारची अरुंधती कोणाला आधी दिसते ते बघा. ईशान्येकडे आभाळ फिकट दिसेल, तो पुण्याचा उजेड. जमलं तर तारीख मेअखेर ढकला. वळवाच्या सरी पडून गेल्यावर त्या बाजूला झाडांवर काजवे दिसतात, फक्त टॉर्च आणि मोबाइल बंद हवेत.

प्रश्न : आम्हीही मेमध्ये खडकवासल्याला जाणार आहोत. मुलगा तेराचा, तलावात उत्तम पोहतो. त्याला पाण्यात उतरू द्यावं का?
– एक वाचक, धायरी

उत्तर : नाही. पोहण्याच्या तलावाला फरशीचा तळ असतो, इथे गाळ आहे. काठावरचा गाळ वरून वाळून तडकलेला दिसतो, पण पाय पडला की मांडीपर्यंत जातो, आणि ओढून काढायला जोर लावावा तर आधाराला काही नसतं. शिवाय दोन पावलांवर एकदम खोल होतं. पानशेत-वरसगावचं पाणी खाली सोडलं की पातळीही बदलते, त्यामुळे काल जिथे उभे होता ती जागा आज तशीच असेल असं नाही. दर उन्हाळ्यात इथे माणसं बुडतात, त्यांत पोहणारेही असतात. आणि हे आपल्या शहराचं पिण्याचं पाणी आहे, हेही मुलाला सांगा. भिजायची हौस असेल तर मुक्कामाच्या घरी अंगणात दोन बादल्या आणि एक पाइप पुरतो. काठावर गेलात तर कोरड्या दगडावर बसा आणि मुलगा नजरेसमोर ठेवा. फोटो काढतानासुद्धा.