बॅटर हुआन सोटो गेल्यावर न्यूयॉर्क यांकीज या अमेरिकन बेसबॉल संघाने केलेल्या बदलांमुळे संघ खरंच सुधारला का?

माझ्या मते सुधारला. नुसते विजय मोजले तर ते दिसणार नाही, कारण २०२४ मध्ये ९४ विजय आणि ६८ पराभव होते आणि २०२५ मध्येही तेवढेच.

सोटो न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघाकडे, मेट्सकडे गेला, १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलरवर. त्याच्यासारखा दुसरा बॅटर बाजारात नव्हताच. म्हणून यांकीजनी पैसा वाटून लावला: पिचर (चेंडू टाकणारा) मॅक्स फ्रीड आठ वर्षांसाठी, कब्स संघाकडून कोडी बेलिंजर, एका वर्षासाठी पॉल गोल्डश्मिट आणि पिचर नेस्टर कोर्टेस व केलेब डर्बिन देऊन ब्रुअर्स संघाकडून क्लोजर, म्हणजे सामन्याचा शेवट सांभाळणारा पिचर, डेव्हिन विल्यम्स.

या खरेदीमागचं कारण कळायला २०२४ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, पाचवा सामना आठवा. डॉजर्सविरुद्ध यांकीजची ५-० अशी आघाडी होती. पाचव्या डावात ॲरन जजच्या हातून सोपा झेल सुटला. मग शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) व्होल्पीने तिसऱ्या बेसकडे केलेला थ्रो वाईट गेला. पुढे डॉजर्सच्या मुकी बेट्सने पहिल्या बेसकडे साधा घरंगळता चेंडू मारला. पहिल्या बेसवरच्या रिझोने तो अडवला, पण पिचर गेरिट कोल बेसवर धावलाच नाही, त्यामुळे बेट्स बाद झाला नाही. बघता बघता ५-५ झालं आणि शेवटी ७-६ ने सामना आणि मालिका गेली. तिथे बॅट कमी पडली नव्हती, क्षेत्ररक्षण कमी पडलं होतं. मला तर तो डाव आजही बघवत नाही.

नवे खेळाडू नेमके याच दुखण्यावर आणले होते. गोल्डश्मिट पहिल्या बेसवर भरवशाचा, बेलिंजर आउटफिल्डमध्ये कुठेही उभा राहतो. जज सेंटर फिल्डमधून त्याच्या हक्काच्या राइट फिल्डला परतला. सेकंड बेसवरचा टोरेस गेल्यामुळे जॅझ चिझमला ती जागा मिळाली आणि त्याने ३१ होम रन (मैदानाबाहेर मारलेले फटके), ३१ स्टील (चोरून पुढचा बेस गाठणं) केले.

आणि बॅटिंग? सोटोविना धावा ८१५ वरून ८४९ वर गेल्या, लीगमध्ये सर्वाधिक. सुरुवातीलाच, २९ मार्चला, ब्रुअर्सकडे गेलेला कोर्टेस यांकी स्टेडियमवर उतरला तेव्हा पहिल्या तीन चेंडूंवर गोल्डश्मिट, बेलिंजर आणि जज यांनी तीन होम रन ठोकले. तो सामना २०-९ ने जिंकला.

मग विजय का वाढले नाहीत? मार्चमध्ये कोलच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि त्याचा अख्खा मोसम गेला. २०२४ चा सर्वोत्तम नवोदित लुईस गिल ऑगस्टपर्यंत बाहेर होता. फ्रीडने १९ विजय, ५ पराभव आणि २.८६ ची सरासरी (दर नऊ डावांमागे दिलेल्या धावा; जितकी कमी तितकी चांगली) दिली नसती, तर ९४ सुद्धा झाले नसते. सगळ्यात मोलाची खरेदी तीच. विल्यम्सचा सौदा मात्र साफ फसला; सरासरी ४.७९, एप्रिल संपतानाच क्लोजरची जागा गेली.

काही जण मेट्स प्लेऑफला, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीला, पोचले नाहीत याकडे बोट दाखवतात. तो मुद्दा मला पटत नाही. सोटोने ४३ होम रन मारले, ३८ स्टील केले. त्याचं काही चुकलं नाही.

यांकीजच्याच डिव्हिजनमधल्या (लीगमधल्या गटातल्या) टोरंटोचेही ९४ च विजय होते, पण आपसातले सामने त्यांनी ८-५ ने जिंकले होते, म्हणून डिव्हिजनचं पहिलं स्थान त्यांना मिळालं. ऑक्टोबरच्या प्लेऑफमध्येही त्यांनीच यांकीजना ३-१ ने घरी पाठवलं, आणि त्यातल्या दुसऱ्या सामन्यात फ्रीडनेच सात धावा दिल्या. तरीही त्या हिवाळ्यातला फ्रीडचा करार मी पुन्हा डोळे झाकून केला असता.