भूकंपाच्या लहरी अभ्यासणारी व्यक्ती राष्ट्रीय ऊर्जा प्रयोगशाळेची प्रमुख कशी होते?

तुम्ही विचारलंय की भूभौतिकशास्त्र शिकून ऊर्जा प्रयोगशाळेच्या प्रमुखपदापर्यंत जायचं तर विषय सोडावा लागतो का. मी याच विषयातली, आणि माझं उत्तर 'नाही' असं आहे. अमेरिकेतल्या मॅरिआन वॉल्क यांची वाटचाल बघा.

कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात पीएचडी करताना त्यांनी कॅलिफोर्नियाच्या आखाताखालचं प्रावरण (पृथ्वीच्या कवचाखालचा थर) अभ्यासलं. तिथे समुद्रतळ दोन्ही बाजूंना सरकतोय. त्या भागातल्या भूकंपांच्या पी लहरी (सगळ्यात आधी पोचणाऱ्या लहरी) दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूकंपमापकांपर्यंत केव्हा पोचल्या, यावरून शेकडो किलोमीटर खोलीवर त्यांचा वेग कसा बदलतो हे काढायचं. जिथे कधीच कुणी जाणार नाही, त्या जागेबद्दल जबाबदारीने बोलायचं! आमच्या विषयाचं मला सगळ्यात आवडतं ते हेच.

पुढे तीस वर्षांहून जास्त काळ त्या सँडिया या अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत होत्या. नेवाडातल्या भूमिगत अणुचाचण्यांनी जमीन किती हादरेल, यावर त्यांचा १९९६ चा अहवाल आहे. तो महत्त्वाचा का, तर जवळच युक्का माउंटनमध्ये अणुकचरा ठेवायचा बेत होता. लहरी त्याच, फक्त प्रश्न आता ऊर्जेचा झाला होता. सँडियात त्या उपाध्यक्ष झाल्या आणि सँडियाचीच कॅलिफोर्नियात लिव्हरमोर इथे असलेली प्रयोगशाळा सांभाळली. मग अणुभट्ट्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आयडाहो प्रयोगशाळेत उपसंचालक, आणि त्यानंतर राष्ट्रीय ऊर्जा तंत्रज्ञान प्रयोगशाळेच्या संचालक. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या १७ प्रयोगशाळांपैकी सरकार स्वतः चालवतं अशी ही एकटीच.

या शेवटच्या प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड खडकात साठवण्यावर मोठं काम चालतं. साधारण ८०० मीटरच्या खाली दाबामुळे तो इतका दाट होतो की थोड्या जागेत भरपूर मावतो. पण तो तिथेच राहील का? खाऱ्या पाण्याने भरलेल्या खडकात हा वायू शिरला की पी लहरी मंदावतात, म्हणून ठरावीक काळाने भूकंपीय सर्वेक्षण करून तो कुठवर पसरला हे बघता येतं. म्हणजे पुन्हा आमचंच काम.

एक मात्र खरं, प्रमुखाच्या खुर्चीत स्वतः लहरी वाचायला वेळ उरत नाही. दुसऱ्यांनी काढलेला निष्कर्ष कितपत भरवशाचा, हे जोखावं लागतं. त्यामुळे आत्ता विद्यार्थी असाल तर प्रत्येक आकड्यासोबत त्याची अनिश्चितता लिहायची सवय लावून घ्या आणि भूऔष्णिक ऊर्जा, अणुकचरा किंवा कार्बन साठवण यांपैकी एखाद्या प्रश्नावर प्रबंध करा.